एकही मेला नाही

माझा रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टरने मला मासे पाळायला सांगितलं. आधी गोळी लिहून दिली, मीठ कमी करा म्हणाला, आणि चिठ्ठी हातात देता देता म्हणाला, "घरी काचेची टाकी ठेवा. रोज अर्धा तास माशांकडे बघत बसायचं. राग आपोआप उतरतो." त्या गृहस्थाने आयुष्यात मासा फक्त ताटात पाहिला असणार, याबद्दल माझ्या मनात आता शंका उरलेली नाही. बायको शेजारी बसली होती. ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, दुसरं काही सांगा. हे माशावरही चिडतील." डॉक्टर हसला. मी हसलो नाही, पण आतून मला बरं वाटलं होतं. मासे पाळ असं मला कुणीतरी सांगावं, याची मी पंधरा-सोळा वर्षं वाट बघत होतो.

जिल्हा अखंड होता तेव्हा माझी नोकरी पूर्वेच्या टोकाला, एका तालुक्याच्या गावी होती. कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी परिचर. बेडूक आणायचे, बाटल्यांत फॉर्मालिन भरायचं, सूक्ष्मदर्शकाच्या काचा पुसायच्या. गावाकडे मला सगळे मास्तर म्हणतात आणि ते सुधारायला मी कधी गेलो नाही. तिथल्या भाड्याच्या खोलीत माझी दोन फुटांची टाकी होती, तिच्यात गप्पी आणि गोल्डफिश. मग जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, गोंदिया वेगळा झाला, आणि खटपट करून मी बदली भंडाऱ्याकडे मागून घेतली. मासे शेजाऱ्यांना दिले. टाकी सामानाच्या टेम्पोत मांडीवर घेऊन बसलो. साकोलीच्या पुढे ड्रायव्हरने गायीसाठी ब्रेक मारला आणि समोरची काच वरपासून खालपर्यंत तडकली. नंतर मुलीचं शिक्षण, भंडाऱ्याजवळ शहापूरला प्लॉट, घर, घराचे हप्ते. टाकी राहून गेली ती राहूनच गेली.

तर डॉक्टरच्या जिवावर मी तीन फुटांची टाकी घेतली. मासे विकणारा दुकानदार तरुण होता, बोलण्यात तरबेज. मला गप्पीच हवे होते. तो म्हणाला, "गप्पी तो बच्चे लोग घेतात साहेब. तुम्ही हे न्या." टाकीत बोटभर लांबीचे, अंगावर काळे-पांढरे उभे पट्टे असलेले दोन मासे होते. झेब्रा सिक्लिड. मी विचारलं, जोडी आहे का? मला पिल्लं नको होती. तो म्हणाला, "दोन्ही नर आहेत. पिल्लाचं टेन्शनच नाही." एकाच्या पोटावर सुंदर केशरी झाक होती. मी घरी आल्यावर बायकोला समजावून सांगितलं, की पाखरांत आणि माशांत रंगीत असतो तो नर, मोराचंच बघ. तिने ऐकून घेतलं. या एका जातीत रंगीत असते ती मादी, हे मला पुढे कळलं. तीस वर्षं बेडूक कापणाऱ्यांच्या हाताखाली काढली आणि एका माशाची मादी ओळखता आली नाही. दुकानदार खोटं बोलला, ठीक आहे, त्याचा धंदा आहे. माझ्या शहाणपणाचं काय?

टाकीत मी शोभेला एक मातीचं बोळकं आडवं ठेवलं होतं. तिसऱ्या आठवड्यात दोघांनी त्या बोळक्यासमोरची वाळू उपसून ढीग केला. सोबत आणलेल्या चार मोली माशांना त्यांनी दोन दिवसांत कोपऱ्यात दाबून मारलं. मग एका सकाळी बोळक्याच्या आत साबुदाण्यापेक्षा बारीक अंडी दिसली, ओळीने चिकटवलेली. आठवडाभरात टाकीत पिल्लांचा ढग तरंगायला लागला. बाप पुढे, आई मागे, मध्ये शेदीडशे पिल्लं. काचेला बोट लावलं की बाप बोटावर चाल करून यायचा. मी कॉलेजच्या लोकांना घरी बोलावून ते दाखवलं. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून पिल्लांना भरवला. खरं सांगतो, त्या महिन्यात मला कुणाचाही राग आला नाही. डॉक्टरचे मी मनोमन आभार मानले, आणि तोच माणूस खरा गुन्हेगार आहे हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

कारण पाचव्या आठवड्यात त्यांनी पुन्हा अंडी घातली. पहिली पिल्लं अजून टाकीतच होती. आईबापांनी आता त्यांनाच हाकलायला सुरुवात केली. मी पहिली पिल्लं काढून टबमध्ये ठेवली. दुसरी पिल्लं आली, ती बकेटीत. तिसरी आली. मी ओळखीच्यांना वाटली, शेजाऱ्यांच्या बरण्यांत घातली, कॉलेजातल्या रिकाम्या काचपात्रांत नेऊन ठेवली. तिथे प्राचार्यांनी विचारलं, हे अभ्यासक्रमात आहे का? मी नाही म्हटलं, तर म्हणाले, मग घरी न्या. ज्यांना पिल्लं दिली होती त्यातल्या दोघांनी मोठी करून परत आणून दिली. माणसं लाडू परत आणत नाहीत, पण मासे आणतात. घरात धुण्याचा टब, दळणाचा डबा, कूलरची जुनी टाकी, सगळीकडे पट्टे. बायको कपडे बादलीत भिजवायची आणि काही बोलायची नाही. ती बोलत नाही तेव्हा समजावं की पाणी गळ्यापर्यंत आलं आहे.

दुकानदाराकडे गेलो. निदान मादी परत घे म्हणालो. त्याने माझ्याकडे न बघता दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी पिशवीत पाणी भरलं आणि म्हणाला, "जिंदा माल परत घेत नाही साहेब." मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली होती. गिऱ्हाईक निघून गेलं आणि तो मात्र शांतपणे जाळी धूत राहिला.

उपाय मला माहीत होता, हेच तर खरं दुखणं आहे. अंडी घातली की बोळकं काढायचं, नळाखाली धरायचं, संपलं. एकदा मी तसं केलं. मादी हाताला चावली, तरी केलं. बोळकं परत ठेवलं नाही. मग तो अख्खा दिवस ते दोघं बोळक्याच्या रिकाम्या जागेवर उभं राहून वाळूला पंखांनी वारा घालत होते. मी कॉलेजला गेलो, आलो, तरी त्यांचं चालूच. दुसऱ्या दिवशी मी बोळकं परत ठेवलं आणि पुढच्या वेळी अंड्यांना हात लावला नाही. बायको म्हणाली, "मोठ्या पिल्लाइले तरी मारून टाका ना." मी म्हटलं, माझ्याने होत नाही. आमच्या घरात पौर्णिमेला विहारात जाऊन शील घेतात, आणि जीव मारणार नाही हे त्यातलं पहिलं. तिला मी तेच ऐकवलं. ती म्हणाली, "अन् रविवारी झिंगे खाता तवा कुठी जाते तुमचं शील?" दुसऱ्याने मारलेलं आपण खातो, स्वतः मारायची वेळ आली की आपल्याला शील आठवतं. ही माझी दया नव्हती, भित्रेपणा होता, आणि तो पुढे दुसऱ्यांना निस्तरावा लागला म्हणून मी हे लिहितो आहे.

या काळात मला ज्याने त्याने एकच सल्ला दिला. कॉलेजातला क्लार्क म्हणाला, "तलावाच्या जिल्ह्यात राहून राहिला अन् माशाले जागा नाही म्हनता? द्या ना सोडून तलावात." दूधवाला तेच म्हणाला. माझा साडू, जो बँकेत अधिकारी आहे, तोही तेच म्हणाला. मी प्रत्येकाशी भांडलो. बाहेरचा मासा तलावात सोडणं म्हणजे काय, यावर मी दूधवाल्याला उन्हात उभं करून भाषण दिलं. भाषणं देण्यात मी कमी नव्हतो. आमच्या गावात या विषयावर मी चांगलं तासभराचं व्याख्यान देऊन आलो होतो, मानपानासकट.

आमचं गाव पवनीच्या वाटेवर, रस्त्यापासून जरा आत. गावचा तलाव मालगुजारांच्या काळातला. पारीच्या, म्हणजे तलावाच्या बंधाऱ्याच्या, वर पाणी, खाली धानाच्या बांध्या, भाताची खाचरं. पाण्यातल्या माशांवर ढीवर मोहल्ल्यातल्या घरांचं पोट. मी लहान असताना त्यात मरळ, शिंगूर, बोटरी असे आपले मासे भरपूर होते. मग कुठून तरी तिलापिया आला. कुणी आणला, कशाला आणला, कुणालाच माहीत नाही. त्याने बाकीच्यांची अंडी खाल्ली, पिल्लं खाल्ली, आणि तलावात तोच तो उरला. एका उन्हाळ्यात तलाव पार आटला, तेव्हा ढीवर बायांनी चिखलातल्या डबक्यांतून तिलापिया वेचून वेचून काढला. काठची बेशरमाची झुडपं उपटली. दुसऱ्या गावच्या तलावातून मरळीची आणि बोटरीची पिल्लं पाण्याच्या गुंडांत, घागरींत भरून, डोक्यावर घेऊन, पायी आणली. आणि गावापुढे नियम ठेवला: बोटाहून लहान मासा कुणालाही मिळाला, जाळ्यात मिळो की गरीला, तो पाण्याला परत. हा नियम आमच्या गावात सगळे पाळतात. पाहुणे आले तरी त्यांना आधी तो सांगतात.

या बायांची म्होरकी सत्तरीची आजी. पारीवर उभी राहून बोलली की खालच्या बांधीत काम थांबतं. तिनेच मला बोलावणं पाठवलं होतं, की मास्तर, तिलापिया परत येऊ नये म्हणून गावाला चार शब्द सांगा. मी प्रयोगशाळेतली तिलापियाची बाटली घेऊन गेलो. मादी पिल्लं तोंडात कशी सांभाळते ते सांगितलं, बाहेरचा एक मासा आला तर तलावाचं वाटोळं कसं होतं ते सांगितलं. सगळे गप्प बसून ऐकत होते. निघताना आजीने मला एक मरळ बांधून दिली आणि म्हणाली, "आमी अडानी, मास्तर. तुमी सांगितलं तं पटते." लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय. पण तेव्हा माझ्या घरी झेब्रे नव्हते.

गावात आमचं घर आहे, तिथे माझी वहिनी एकटी राहते. भाऊ गेल्यापासून दोन एकर धान तीच बघते. रोवण्याला आणि कापणीला ती ढीवर मोहल्ल्यातल्या बायांच्याच टोळीत असते. आज हिच्या शेतात, उद्या तिच्या. त्या बायाच तिचा शेजार आणि त्याच तिची माणसं.

मे महिन्यात पवनीच्या बाजारात एकाने शोभेचे मासे विकायचं नवं दुकान काढल्याचं मला कळलं. फोन केला. तो म्हणाला, सगळी आणा, ठेवून घेतो. मी पेंटच्या रिकाम्या डब्यात शंभरेक पिल्लं भरली, झाकणाला भोकं पाडली, मोटरसायकलच्या मागच्या सीटवर ट्यूबने डबा आवळला आणि सकाळीच निघालो. पाणी गरम होऊ नये म्हणून गावात वहिनीकडे थांबलो. तिथून फोन केला तर दुकानदार लग्नाला गेलेला. परवा या म्हणाला. दुसऱ्या दिवशी कॉलेजात सामानाची तपासणी होती, मला परतणं भाग होतं. पिल्लं त्या उन्हात परत न्यायची तर अर्धी मरणार. म्हणून मी डबा मागच्या अंगणात कडुलिंबाच्या सावलीत ठेवला.

वहिनीने झाकण उघडून पाहिलं. "येवढुसे मासे कायले आनले भाऊजी? भाजीलेही पुरत नाई."

मी म्हटलं, "खायचे नाहीत. परवा येऊन नेतो. पाणी थोडं थोडं बदलत जा. फक्त मरू देऊ नका."

एवढंच बोललो. हे कोणते मासे, तलावात का सोडायचे नाहीत, हे सांगायचं मला सुचलंच नाही. जो माणूस दूधवाल्याला भर उन्हात भाषण देतो, त्याला स्वतःच्या वहिनीशी एक वाक्य जास्त बोलता आलं नाही. सांगायची गरजच काय, तिला माहीत असेल, असं मी धरून चाललो होतो. व्याख्यानाच्या दिवशी ती घरी चहा करत होती, पन्नास माणसांचा, माझ्याच मानपानासाठी. हे मला नंतर आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेत काचनळ्या मांडत असताना तिचा फोन आला. आवाज खुशीत होता. "भाऊजी, काळजी नोका करू. सकाळी पाहाले गेली तं पुरे वरत तोंड काढून राहिले होते. मले वाटलं आता मरते. तसाच डबा उचलला न तलावात नेऊन सोडले. बोटाहून लहान होते ना सारे. एकही मेला नाही."

मी काय बोललो ते मला नीट आठवत नाही. बहुतेक ओरडलोच. तिने पलीकडून विचारलं, "काहून, चुकलं का?" काय चुकलं होतं तिचं? मी मरू देऊ नका म्हणालो, तिने मरू दिले नाहीत. गावाने लहान मासा पाण्याला द्या म्हटलं, तिने दिला. तिने दोन्हीकडचा शब्द राखला होता. चूक शोधायला मला शहापूरच्या बाहेर जायचं कारण नव्हतं.

आणि मग मी जे केलं त्याची मला आजही शरम वाटते. मी तिला म्हटलं, "वहिनी, हे कोणाले सांगू नोका." ती म्हणाली, "बरं."

रविवारी जाऊन पारीवर उभा राहिलो. पाणी खाली गेलेलं, गढूळ. काही दिसलं नाही. मी स्वतःला समजावलं, की मरळ खाऊन टाकेल. उन्हाने मरतील. उन्हाने नाही तर थंडीने, हा गरम पाण्याचा मासा आहे. आजी त्या दिवशी पारीवरच भेटली, चहाला बोलावत होती. तेव्हा सांगितलं असतं तर पाणी एवढं कमी होतं की दहा बायांनी दोन दिवसांत जाळं फिरवून त्यातला एकूण एक मासा काढला असता. मी म्हटलं, "घाई आहे आजी, पुन्हा येतो." पाऊस आला. तलाव भरला. सांडव्यावरून पाणी गेलं. मी तोंड बंद ठेवून शहापूरला बसलो, घरातल्या झेब्र्यांना दाणे टाकत.

दिवाळीनंतर कापणीच्या दिवसांत वहिनीचा फोन आला. तलावात पट्ट्यांचे मासे दिसून राहिले, म्हणाली. काठाला, दगडांच्या आड, जोड्याजोड्यांनी. जवळ कुणाला येऊ देत नाहीत, आणि तिथली बोटरीची पिल्लं नाहीशी झाली. मग म्हणाली, "उन्हाळ्यात मले डबा घेऊन जाताना कोनीतरी पाहिलं होतं भाऊजी. माह्यावरच आलं." तिला बायांनी विचारलं होतं. ती काही बोलली नाही. मी सांगू नका म्हटलं होतं ना. आठ दिवसांपासून तिला टोळीत कापणीला बोलावलं नव्हतं. तिचं धान शेतात उभं होतं, आणि ती एकटी विळा घेऊन कापत होती. हे सगळं तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. म्हणूनच फोन ठेवल्यावर मी टेबलावरची रिकामी बाटली भिंतीवर फेकली. प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. काच मीच झाडली.

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून गावात गेलो. आजी आणि तीन-चार बाया पारीवर जाळं वाळवत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दुकानदार, बोळकं, डबा, फोन, आणि पाच-सहा महिने गप्प बसणं. वहिनीला मीच गप्प केलं, हेही. बोलता बोलता मी कारणं द्यायला लागलो, की तपासणी होती, ऊन होतं, दुकान बंद होतं. आजीने हात वर केला, तेव्हा थांबलो.

ती बराच वेळ जाळ्याची गाठ सोडवत राहिली. तिच्या तोंडून मी आजवर फक्त 'तुमी' ऐकलं होतं.

"बाटली घेऊन तूच आलता ना?" ती म्हणाली. "येक मासा आला तं वाटोळं होते म्हनून?"

"हो."

"बाईले आठ दिवस आमी बोललो नाई. अन् तू सांगून राहिला आता." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तुले तुह्या घरचे मासे मारता नाई आले. म्हनून आमचे मारले."

शिवी दिली असती तर मी उलट काहीतरी बोललो असतो. माझा स्वभाव तसा आहे. तिने एका बाईला सांगितलं, जा, तिच्या धानावर जा, साऱ्या जा, आज कापून द्या. बाया विळे घेऊन उठल्या. आजी उठताना मला म्हणाली, "रविवारी येजो. जाळं मी देतो. मारनं तू मारजो."

तेव्हापासून दर रविवारी मी जातो. पहिल्या रविवारी जाण्याआधी घरच्या टाकीतली जोडी काढली आणि जे वर्षभर जमलं नव्हतं ते दोन मिनिटांत केलं. बायको दारात उभी होती. नंतर तिने चहा दिला. टाकी विकून टाकली. गोळी मात्र वाढवून घ्यावी लागली, आणि डॉक्टरने विचारलं मासे कसे आहेत, तेव्हा मी खुर्चीवरून उठून बाहेर आलो.

तलावात काम सोपं नाही. काठच्या दगडांशी एक जोडी आणि पिल्लांचा ढग दिसतो. आधी बारीक जाळीने पिल्लं उचलायची. नर-मादी पळत नाहीत. ते जाळीवर, हातावर, पायांच्या बोटांवर येतात. पळून गेले असते तर मला बरं वाटलं असतं. मग त्यांनाही उचलायचं. सगळं पारीवरच्या तापलेल्या दगडावर टाकायचं आणि दुसऱ्या दगडाने संपवायचं. थंडीने मरतील म्हणून मी मोठ्या आशेने डिसेंबरची वाट पाहिली होती. थंडी पडली, मी स्वेटर घालून पाण्यात उतरलो, आणि खोल पाण्यातून ते तितकेच निघाले. वहिनी कधीकधी डबा घेऊन पारीवर येते, मला भाकर देते. तिने मला आजवर एकदाही बोल लावलेला नाही. तिने लावावा, असं मला फार वाटतं.

आमच्या गावात पाण्यातल्या प्रत्येक माशाला नाव आहे. या नव्याला नव्हतं. झेब्रा हा शब्द बायांना रुचला नाही आणि सिक्लिड तर कुणाच्या जिभेवर बसणाराच नव्हता. परवाच्या रविवारी मी मांडीभर पाण्यात वाकलो होतो. पारीवर दोन बाया जाळं उलगडत बसल्या होत्या आणि एक दुसरीला सकाळची मासेमारी सांगत होती. "मरळ येक भेटली. शिंगूर चार. बोटरी नाई. अन् मास्तर सतरा." दुसरी म्हणाली, "मागच्या वक्ती तं मास्तर नऊच होते." कुणी हसलं नाही. माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. त्या माझी चेष्टा करत नव्हत्या. त्यांना त्या माशाला काहीतरी म्हणायचं होतं, एवढंच.